उणे तेवीस

तिसऱ्यांदाही उत्तर उणे तेवीसच आलं, तेव्हा जमुनाबाईने पेन्सिल खाली ठेवली. शनिवारच्या अर्ध्या शाळेत शिकवून ती घरी आली होती, जेवणं आटोपली होती, दोघी मुली शेजारच्या, बिड्या वळणाऱ्या रुख्माच्या ओट्यावर तेंदूच्या पानांच्या कतरणीत खेळत होत्या आणि पडवीतल्या उन्हाचा पट्टा सरकत सरकत वहीवर आला होता. उदाहरण चौदावं. एका समभुज चौकोनाची बाजू तेरा इंच आहे आणि दोन कर्णांची बेरीज अडतीस इंच आहे, तर प्रत्येक कर्ण किती? दोन ओळींचं उदाहरण. चारही बाजू सारख्या, समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन रेघा एकमेकींना बरोबर मधोमध आणि काटकोनात छेदणाऱ्या, म्हणजे पोटात चार सारखे त्रिकोण. त्यातला एक घ्यायचा. त्याची तिरकी बाजू तेरा, उरलेल्या दोघींची बेरीज अडतीसची निम्मी, एकोणीस. इथपर्यंत तिचा हात कुठेच अडत नव्हता. एकोणीसचा वर्ग तीनशे एकसष्ट. त्यातून तेराचा वर्ग, एकशे एकोणसत्तर, वजा केला की एकशे ब्याण्णव. आता एकशे एकोणसत्तरातून हे एकशे ब्याण्णव काढले की त्या दोन बाजूंच्या फरकाचा वर्ग हाती यायला हवा. आणि येत होतं उणे तेवीस. कोणत्याही संख्येला त्याच संख्येने गुणलं तर उणे काही येत नाही, एवढं तर तिला कळत होतं. मग हे कुठून येत होतं? तिच्या हातून येत होतं, दुसरं काय. वही मिटताना तिला आतून थोडं थंड वाटलं, विहिरीत डोकावल्यावर वाटतं तसं.

एरवी तिने ते उदाहरण सोडून पंधरावं धरलं असतं. पण आज सकाळी शाळेच्या मोठ्या बाईंनी, देवकाबाईंनी, तिला कार्यालयात बोलावून मॅट्रिकचा फॉर्म पुढे केला होता. सगळं भरलेलं, एकच जागा कोरी. मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेता येत होतं, आणि जमुनाबाई दोन वेळा गणितातच गेली होती. "सोमवारी जातो हा नागपूरला," देवकाबाई म्हणाल्या होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या, उलट त्यांनीच तिला सातवीच्या वर्गावर शिकवायला घ्यायचं मनात धरलं होतं. "यंदा पास नाही झालात तर जुलैत वरचा वर्ग दुसरीला द्यावा लागेल. गृहशास्त्र लिहा अन् मोकळ्या व्हा. ते काय, आपण घरी करतोच." जमुनाबाईने मान डोलावली होती आणि फॉर्म तसाच पिशवीत घातला होता. ती मान आपली नव्हतीच असं तिला शाळेतून येताना वाटत राहिलं. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी आडवी होती. लढाई सुरू झाल्यापासून मालगाड्या संपता संपत नव्हत्या. डबे मोजायची तिची जुनी खोड, पण आज सत्तावीस डब्यांनंतर तिचं मोजणं सुटलं. गृहशास्त्र. दुधाची भेसळ कशी ओळखावी, तापाच्या माणसाला पेज कशी द्यावी. यात काही खोटं नव्हतं. फक्त त्यात असं कुठे नव्हतं की एक रेघ ओढली आणि आपल्याला न सांगता चार त्रिकोण उभे राहिले.

भूमिती तिला आवडायची, हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. दोनदा नापास झालेल्या बाईने असं बोलायचं म्हणजे हसू करून घ्यायचं. नापास होण्याचंही तिला तसं फार लागलं नव्हतं. लागलं होतं ते मुन्नालाल मास्तरांचं बोलणं. मुलांच्या शाळेत गणित शिकवणारे हे मास्तर गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी आपल्या ओसरीवर तिला शिकवत होते, बायको आत तांदूळ निवडत बसलेली असायची. पहिल्याच वर्षी तिने हेच चौदावं उदाहरण विचारलं होतं. मास्तरांनी चष्मा वर केला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ये छोडिये बहनजी. हे आपल्या बस की बात नाही." आपल्या म्हणजे बायकांच्या, असं तिने धरलं होतं. त्यानंतर प्रमेय पाठ असलं तरी परीक्षेत चौकोन दिसला की तिची बोटं गार पडायची. गेल्या साली नागपूरच्या त्या मोठ्या हॉलमध्ये तिने सोपा प्रश्न सोडून दिला होता, केवळ त्यात कर्ण हा शब्द होता म्हणून.

"काऊन व बाई, गपचीप बसली?" पडवीच्या दुसऱ्या टोकाला तिचे सासरे उदाराम बांबूच्या कामट्या तासत बसले होते. त्यांना कोंबड्यांसाठी टोपलं विणायचं होतं. वय सत्तरीला टेकलं तरी हाताला चाळा लागायचा.

"काही नाही, मामंजी. गणित येऊन नाही राहिलं."

"कोनतं?"

तिने सांगितलं. त्यांना पुस्तकी भाषा कळायची नाही, म्हणून चौकोनाचं धानाचं शेत आणि बाजूंचे बांध करून ती म्हणाली, "एक बांधी आहे समजा. चारही धुरे सारखे, तेरा तेरा. पण कोने काटकोनाचे नाहीत."

"तिरपी बांधी." उदारामांनी विळा थांबवला. "अशा लय मोजल्या आम्ही. साहेब म्हने, चारही धुरे मोजले, झालं काम. मी म्हनो, नाई जी, कोन्याले कोना मोजल्याबिगर बांधी समजत नाही. धुरे तेच राहतेत अन् बांधी चपटी होऊन जाते."

उदाराम पूर्वी सरकारी बंदोबस्ताच्या, म्हणजे शेतसारा ठरवायच्या, मोजणीवर जरीब ओढायला होते. जरीब म्हणजे शंभर कड्यांची लोखंडी साखळी; ती शेतातून ताणत न्यायची आणि अमीनसाहेबाला आकडा ओरडून सांगायचा. जमुनाबाईला ती साखळी नवरा पाहण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. ती नऊ वर्षांची असताना मोजणीवाले तिच्या माहेरी, कामठ्याला आले होते. गावातली सगळी पोरं झेंड्यांच्या मागे धावली, आणि ती मात्र बांधावर पसरलेल्या साखळीशी बसून कडी कडी मोजत गेली. धान नुकतं कापलेलं होतं, पायांना धसकटं टोचत होती, आणि लोखंडाला उन्हाचा वास येत होता. शेवटाला आल्यावर तिने पुन्हा उलट मोजलं. मग ती त्या जरीबवाल्या उंच माणसाकडे गेली आणि म्हणाली, नव्व्याण्णवच आहेत. तो हसला. साहेब हसला. मग त्या माणसाने स्वतः बसून मोजलं, आणि मध्ये एका जागी तुटकी कडी काढून नुसत्या तारेने जोडलेलं सापडलं. त्या दिवशीचं अर्धं शिवार पुन्हा मोजावं लागलं. जमुनाला बाप रागावला, सरकारी माणसांत तोंड घालते म्हणून. पण पुढच्या उन्हाळ्यात तो उंच माणूस पाहुणा होऊन आला आणि आपल्या मुलासाठी, टेकचंदसाठी, तिला मागून गेला. लग्नानंतर गोंदियाच्या शाळेत तिचं नाव त्या सासऱ्यानेच घातलं. घरात कुणी विचारलं, सुनेले कायले शिकवता, तर तो म्हणायचा, ते शिकलेलीच होती, मी फक्त नाव लिहून देल्लं.

आता उदाराम उठले आणि चार कामट्या निवडून तिच्यापुढे घेऊन आले. "किती म्हनली? तेरा?" शाळेची फूटपट्टी घेऊन त्यांनी प्रत्येक कामटी तेरा इंचांवर कापली, टोकांना सुतळीच्या सैल गाठी मारल्या आणि तो चौकोन शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला. दोन कोपरे धरून त्यांनी तो ताणला, तसा तो लांबुळका झाला. मग दाबला, तसा फुगला. "आता मोज," ते म्हणाले. "मी धरतो."

तिला हसू आलं. मॅट्रिकचं गणित असं कामट्यांनी सुटतं का? पण ती वाकली. म्हाताऱ्या बोटांनी चौकोन पार चपटा केला होता, कामट्यांवर कामट्या. लांब कर्ण सव्वीस, आखूड जवळजवळ शून्य. बेरीज सव्वीस. थोडा उघडला, चोवीस आणि दहा. चौतीस. आणखी उघडला, वीस आणि साडेसोळाच्या जरा पुढे. छत्तीसच्या वर गेली बेरीज. वाढत होती, अडतीसकडे चालली होती. "आणखी, मामंजी." त्यांनी आणखी दाबलं, चारही कोपरे काटकोनात आले, दोन्ही कर्ण सारखे झाले. अठरा आणि एक तृतीयांशाच्या थोडं वर, दोन्ही. पावणेसदतीस. "आणखी." त्यांनी दाबलं. आता जो लांब होता तो आखूड झाला, आणि बेरीज उतरायला लागली. छत्तीस. चौतीस. तिने पुन्हा उलट न्यायला सांगितलं. पुन्हा पावणेसदतीसला जाऊन ती बेरीज थांबली आणि परतली. रुख्माच्या ओट्यावर तिच्या धाकटीने काहीतरी पाडलं, त्याचा आवाज झाला, आणि जमुनाबाईला तो फार लांबून ऐकू आला.

"होत नाही," ती म्हणाली.

"काय होत नाही?"

"अडतीस होतच नाही. असा चौकोनच नाही, मामंजी."

"नसंल तर नसंल," उदाराम म्हणाले आणि टोपल्याकडे परतले. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. कागदावर लिहिलेली आणि शिवारात नसलेली बांधी त्यांनी जन्मभर पाहिली होती. पण जमुनाबाई तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली. तिने वही पुन्हा उघडली. उणे तेवीस. तीन वेळा तिने तेच लिहिलं होतं, आणि तिन्ही वेळा ते बरोबर होतं. आकडा तिला सांगत होता, बाई, अशी बाजू जगात नाही, आणि ती मात्र आपलाच हात तपासत बसली होती. कामटीचं माप गाठींमुळे पाव इंच इकडेतिकडे होईल, कुणी म्हणेल कामटी वाकली. उणे तेवीस वाकत नव्हतं. ती अंगणात गेली, रांजणातलं पाणी प्यायली, परत आली, आणि आता तिला भीती वाटायला लागली. छापलेलं पुस्तक चुकीचं आहे असं म्हणणारी ती कोण? ते लिहिणारा पुण्याचा की मुंबईचा कोणी मोठा माणूस असेल. उत्तरांची पानं या पुस्तकाला नव्हती, ती वेगळी मिळतात म्हणे, पण गोंदियात कुणी पाहिली नव्हती. आणि तरी त्या भीतीच्या खाली काहीतरी घट्ट, गरम असं बसलेलं होतं. रात्री ती नीट झोपली, याचंच तिला सकाळी आश्चर्य वाटलं.

रविवारी मुन्नालाल मास्तर ओसरीवर अंगाला तेल लावून उन्हात बसले होते. ती येताना दिसली तसा त्यांनी सदरा चढवला. फॉर्मची बातमी त्यांना कळलेली होती. "अच्छा निर्णय है," ते म्हणाले. "गृहशास्त्र में आप पहले नंबर से पास होंगी."

"मास्तर, चौदावं उदाहरण चूक आहे."

कसं सांगायचं ते तिने वाटेत घोळवलं होतं, बाजार ओलांडेपर्यंत तीन वाक्यं तयार केली होती. तोंडातून मात्र हे एवढंच पडलं. मास्तरांनी चष्मा वर केला. "किताब में छपा है, बहनजी. गलत कैसे होगा?"

तिने वही पुढे ठेवली. बोट एकेका ओळीखाली नेत गेली. एकोणीसचा वर्ग. तेराचा वर्ग. वजाबाकी. शेवटच्या ओळीशी आल्यावर मास्तरांनी वही तिच्या हातून घेतली आणि उन्हाकडे धरली. आत तांदूळ सुपात वाजत होते. मास्तरांच्या ओठांवर एक आकडा आला तो तिला दिसला, ऐकू आला नाही, आणि मग ते हळू आवाजात म्हणाले, "मुझे भी यही आता था."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"ग्यारह साल," मास्तर म्हणाले. "हे पुस्तक लागलं तेव्हापासून. दर साल मी पोरांना सांगतो, चौदावं सोडा, परीक्षेत येत नाही. घरी बसून कितीदा केलं. ऋण तेईस. मला वाटलं, मी मिडल पास माणूस, मास्तरकी अशीच हाती आली, मला नाही समजत. कुणाला विचारू? हेडमास्तरला? तो म्हणला असता, मुन्नालालला समभुज चौकोन येत नाही." त्यांनी वही खाली ठेवली. "आपण विचारलं तर मी घाबरलो. बस की बात नहीं म्हटलं ते... ते माझ्यासाठी म्हटलं."

जमुनाबाईला राग यायला हवा होता. तो येतो आहे का हे ती क्षणभर आत डोकावून पाहत राहिली. दोन वर्षं त्या एका वाक्यावरून तिने स्वतःला मोजलं होतं. गेल्या सालचा तो सोडून दिलेला प्रश्न तिला आठवला, गार पडलेली बोटं आठवली, आणि राग आलाही, चटका बसावा तसा, लहान आणि खरा. "तुम्ही तसं सांगायचं होतं, मास्तर," ती म्हणाली. "मी तेव्हापासून घाबरून राहिली." त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात लागली होती. मग तिच्या मनात आलं की याच गावात, फाटकाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, दोन घरांत दोन माणसं एकच आकडा काढत बसली होती, आणि दोघंही तो लपवत होती. तो आकडा बरोबर होता. रागाच्या जागी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं, पण त्याने ती हलकी झाली.

"पण आपल्याला खात्री कशी झाली?" मास्तरांनी विचारलं, आणि तिने कामट्यांच्या चौकोनाचं सगळं सांगितलं, सव्वीसपासून पावणेसदतीसपर्यंत आणि परत. ऐकता ऐकता ते पुढे सरकले. "चौबीस आणि दस कुठे आले म्हणलं?"

"चौतीसला."

मास्तरांनी पुस्तक ओढलं आणि बोट त्या अडतीसवर ठेवलं. "चौतीस!" ते जवळजवळ ओरडले, आणि आतून बायकोने काय झालं म्हणून विचारलं. "कुछ नहीं, कुछ नहीं! छापणाऱ्याने चारच्या जागी आठ बसवला! चौतीस करो, बहनजी, चौतीस करो!"

तिने केलं. निम्मे सतरा. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद, त्यातून एकशे एकोणसत्तर गेले, एकशे वीस. तिथे ती थांबली. हे एकशे वीस दोन अर्ध्या कर्णांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे चारही त्रिकोण मिळून होणारं पूर्ण क्षेत्रफळ. कर्ण अजून सापडलेही नव्हते, एकही कोपरा कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, आणि सगळी बांधी मात्र मोजून झाली होती. हे उदाहरणात विचारलेलं नव्हतं. तिने मास्तरांना ते दाखवलं नाही. थोडा वेळ ते आपल्या एकटीजवळ असू दे, म्हणाली मनाशी. मग पुढे गेली. एकशे एकोणसत्तरातून एकशे वीस, एकोणपन्नास. फरक सात, बेरीज सतरा. बारा आणि पाच. चोवीस आणि दहा. मास्तरांनी टाळी वाजवली आणि लगेच लाजले.

त्यांनी पुस्तक आणि दौत-टाक तिच्यापुढे सरकवले. "दुरुस्ती आप कीजिये. माझ्या पुस्तकात." तिने आठावर बारीक रेघ मारली आणि वर चार लिहिला. मग पिशवीतून फॉर्म काढून, शाई वाळायच्या आत त्याच टाकाने, कोऱ्या जागेत गणित हा शब्द लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आणि रकान्याच्या बाहेर थोडं गेलं. सोमवारी देवकाबाईंनी ते वाचून भुवया उंचावल्या, सही केली, आणि "बघा बाई" एवढंच म्हणाल्या. पुढे जूनमध्ये निकाल लागला तेव्हा ती पास होती, गणितात शंभरात त्रेसष्ट, आणि जुलैत सातवीचा वर्ग तिचा झाला.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी संध्याकाळी टेकचंद तीन दिवसांनी लाईनवरून आला. नैनपूरच्या छोट्या गाडीवर तो फायरमन होता. आंघोळ केली तरी कोळसा त्याच्या कानांच्या मागे राहायचा. तो मुकाट जेवणारा माणूस. आज त्याने अर्धा भात संपवल्यावर मान वर केली. दारात बापाने आधीच काही सांगितलं असावं.

"फारम भरला म्हने."

"हो."

"गनित लिहिलं?"

"हो." ती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. दोनदा झालं, आता कायले, असं काहीतरी. त्याने ताक वाढून घेतलं, भात कालवला.

"त्यात असते काय पन?" तो म्हणाला. "म्हंजे, मले काही समजत नाही त्यातलं. पन तुले त्यात काय आवडते?"

पंधरा वर्षांच्या संसारात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सांगायला सुरुवात केली तर शब्द अडखळू लागले, त्रिकोण, कर्ण, सगळे पुस्तकातले. मग तिने तांब्यात बोट बुडवलं आणि ताटाशेजारी सारवलेल्या जमिनीवर ओली रेघ ओढली. दुसरी ओढेपर्यंत पहिलीचं टोक सुकायला लागलं. तिने घाईने तिसरी ओढली, पुन्हा बोट बुडवायला वळली, तर टेकचंदने आपलं उष्टं बोट धुऊन तांब्यात बुडवलेलं होतं. त्याने चौथी बाजू ओढली, जाड, वाकडी, कोपऱ्याच्या पुढे गेलेली.

"लांब झाली," ती म्हणाली.

"मंग पूस," तो म्हणाला, "अन् सांग, किती पाह्यजे."